शनिवारच्या शेवटच्या लोकलचे प्रवासी

शनिवारी रात्री अकराच्या पुढे दादर स्थानकाच्या पुलावर गर्दीचा चेहराच बदलतो. ऑफिसातून परतणारे कमी होतात आणि पाठीवर सॅक, सॅकला बाहेरून लटकवलेला टोप, बगलेत गुंडाळलेली सतरंजी अशा थाटात विशीच्या आसपासची पोरंपोरी टोळ्याटोळ्यांनी जमायला लागतात. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजातली मुलं चर्नी रोडहून आलेली असतात. परळच्या महर्षी दयानंद कॉलेजातली म्हणजे ‘एमडी’तली मुलं एकच स्टेशन प्रवास करून इथे उतरतात. माटुंग्याहून रुईया, रुपारेल आणि व्हीजेटीआयची येतात. मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वे इथे एकत्र येतात, त्यामुळे ‘दादरला भेटू’ हे ठरवायला कुणाला विचार करावा लागत नाही. डिसेंबर २०२३मध्ये दोन्ही रेल्वेंच्या फलाटांना १ ते १४ असे सलग क्रमांक मिळाले आणि कुठल्या बाजूच्या कुठल्या फलाटावर थांबायचं, हा जुना घोळ मिटला.

इथून वाटा फुटतात. सीएसएमटीपासून सुमारे शंभर किलोमीटरवरचं कर्जत गाठणारे राजमाचीला किंवा पेठच्या कोथळीगडाला जाणारे असतात. एकशेवीस किलोमीटरवरच्या कसाऱ्याला उतरणारे पहाटे जीप करून कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात किंवा हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत पोचतात. काही जण स्थानकाबाहेर पूर्वेला खासगी बसची वाट पाहतात. आणि यांच्यातच, पण यांच्यापेक्षा अगदी वेगळी, मोठ्या बॅगा आणि घरच्यांसाठीच्या पिशव्या घेतलेली लालबाग-परळची काही मुलं मध्यरात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने सावंतवाडीकडे, गावी निघालेली असतात.

ही मुलं का जातात? आठवडाभर कॉलेज, क्लास, काहींची अर्धवेळ नोकरी. एक रविवार मिळतो तोही झोपेविना घालवायचा, पाय दुखवून घ्यायचे आणि सोमवारी सकाळी पहिल्या तासाला डोळे चोळत बसायचं, यात त्यांना काय मिळतं? या प्रश्नावर पर्यटनाचे अभ्यासक जवळपास अर्धशतक काम करत आहेत आणि त्यातला मोठा भाग विद्यार्थ्यांवरच झालेला आहे. त्या अभ्यासाची चौकट घेऊन दादरच्या पुलाकडे पाहिलं, की मुंबईच्या विद्यार्थ्याबद्दल काही गोष्टी स्वच्छ दिसतात. जगभरच्या विशीतल्या मुलांना बाहेर पडण्याची ओढ सारखीच असते. फरक पडतो तो त्यांच्या समाजाने त्या ओढीसाठी कॅलेंडरात कुठे आणि किती फट ठेवली आहे, यात. मुंबईच्या मुलाला मिळालेली फट शनिवार रात्र ते रविवार संध्याकाळ एवढीच आहे.

ढकलणारं घर, ओढणारा डोंगर

१९७७ साली ग्रॅहम डॅन या समाजशास्त्रज्ञाने बार्बाडोस बेटावर आलेल्या पर्यटकांचा अभ्यास करून एक साधी, पण टिकाऊ मांडणी केली. माणूस प्रवासाला निघतो तेव्हा दोन प्रकारचे जोर काम करत असतात. एक जोर त्याला घरातून बाहेर ढकलतो. दुसरा त्याला विशिष्ट ठिकाणाकडे ओढतो. आधी ढकलणं येतं, ठिकाण नंतर ठरतं. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, जॉन क्रॉम्प्टन यांनी ३९ जणांच्या सविस्तर मुलाखती घेऊन प्रेरणांची यादीच केली. रोजच्या वातावरणातून सुटका, स्वतःला जोखणं, विश्रांती, प्रतिष्ठा, पुन्हा लहान मूल होण्याची मुभा, नात्यांची वीण घट्ट करणं आणि नव्या माणसांत मिसळणं या सात मनातल्या आणि समाजातल्या प्रेरणा. शिवाय नावीन्य आणि शिक्षण या दोन सांस्कृतिक. यातल्या पहिल्या सातांचा ठिकाणाशी फारसा संबंध नाही, हा त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष होता.

परळ-लालबागच्या मुलाला यातली पहिली प्रेरणा पुस्तकातून शिकावी लागत नाही. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ होत्या आणि त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. त्या एका खोलीत आजी-आजोबा, आई-वडील आणि भावंडं. अभ्यास अभ्यासिकेत नाहीतर गॅलरीत, फोनवर बोलायचं तर जिन्यात, आणि एकटं असणं कुठेच नाही. चाळीच्या जिव्हाळ्याबद्दल मराठीत भरभरून लिहिलं गेलं आहे आणि ते खरंही आहे. मात्र एकोणीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला काही तास कुणाच्याही नजरेखाली नसावं असं वाटतं, हेही तितकंच खरं आहे. अशा घरातल्या मुलांसाठी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाय पसरून बसणं ही चैन नसते. आठवडाभरात मिळालेली ती पहिली मोकळी जागा असते.

विशेष म्हणजे ही मुलं एकटेपणाच्या शोधात निघूनही एकटी जात नाहीत. दहा-बारा जणांचा गट असतो. गटात शिव्या, गाणी, अंताक्षरी, पावसात मुद्दाम भिजणं, चुलीवर करपलेली खिचडी कौतुकाने खाणं हे सगळं असतं. क्रॉम्प्टन यांच्या यादीतली ‘पुन्हा लहान होण्याची मुभा’ ती हीच. घरी मोठ्या भावाची किंवा कमावत्या मुलीची भूमिका निभावणाऱ्यांना ती फार हवी असते. चाळीतली माणसं जन्माने मिळालेली असतात. ट्रेकचा गट मुलांनी स्वतः निवडलेला असतो.

ओढणारी बाजू मात्र खास मराठी आहे आणि तिची सुरुवात दिवाळीतच होते. गिरगावच्या वाड्यांत, लालबागच्या चाळींच्या अंगणात अजूनही मुलं माती, दगड आणि गोणपाटाचे किल्ले करतात, त्यावर आळीव पेरतात, मावळे मांडतात आणि वर सिंहासनावर महाराज बसवतात. आठव्या-नवव्या वर्षी राजगडाची बालेकिल्ल्यासकट प्रतिकृती केलेल्या मुलाला अठराव्या वर्षी खरा राजगड ओळखीचा वाटतो. युरोपातल्या विद्यार्थ्याला आल्प्स निसर्ग म्हणून ओढतो. मराठी विद्यार्थ्याला सह्याद्री निसर्ग म्हणून ओढतोच, पण त्याआधी तो त्याच्या इतिहासाच्या पुस्तकातलं घर असतो. गो. नी. दांडेकरांनी दुर्गभ्रमणाचं लेखन करून आणि स्वतः तरुणांना गडांवर नेऊन या ओढीला वळण दिलं. गिरिविहारसारखी १९५४ साली मुंबईत स्थापन झालेली संस्था, पुढे मुलुंडची चक्रम हायकर्स आणि असे कितीतरी गट यांनी त्याला दोर, नकाशा आणि शिस्तीची जोड दिली.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘मराठा लष्करी स्थापत्या’च्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. त्या दिवशी दादरच्या पुलावर भेटणाऱ्या मुलांना नवं काही कळलं नाही. या बारांतले काही गड त्यांच्या पायांखालून केव्हाच गेलेले होते.

कोण केव्हा निघतं

आता ही फट इतरांकडे कुठे असते ते पाहायला हवं.

जपानमध्ये बहुतेक पदवीधर १ एप्रिलला एकाच वेळी नोकरीवर रुजू होतात. त्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, ‘सोत्सुग्यो र्योको’ म्हणजे पदवीची सहल असते. पुढे अशी सलग सुट्टी मिळणं कठीण, हे प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून मित्रांचा गट कर्ज काढल्यासारखा खर्च करून युरोप, कोरिया किंवा हवाईला जाऊन येतो. या प्रवासात शोधापेक्षा निरोपाचा भाव जास्त असतो.

इस्राएलमध्ये फट सक्तीच्या लष्करी सेवेनंतर येते. गणवेश उतरवला की हजारो तरुण-तरुणी विद्यापीठात जाण्याआधी काही महिन्यांसाठी दक्षिण अमेरिकेत किंवा भारतात येतात. हिमाचलातलं कसोल, धर्मशाळेजवळचं धर्मकोट आणि गोवा ही त्यांची ठरलेली ठिकाणं. तिथे हिब्रूत लिहिलेल्या पाट्या दिसतात त्या याच कारणाने. त्यांना ढकलणारी गोष्ट घराची अडचण नसते. आज्ञा पाळण्यात गेलेली वर्षं मागे टाकायची असतात.

ब्रिटनमध्ये शाळा आणि विद्यापीठ यांच्या मधलं वर्ष बाहेर घालवण्याची रीत आहे. तिच्यामागे सतराव्या-अठराव्या शतकातला उमराव घरांतल्या मुलांचा फ्रान्स-इटलीचा लांबलचक शिक्षणप्रवास उभा आहे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातली मुलं पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं लंडनला काम करत फिरतात. अमेरिकेत मार्चच्या सुट्टीत विद्यार्थ्यांचे लोंढे फ्लोरिडाच्या किनाऱ्यांवर उतरतात. फोर्ट लॉडरडेलची ही ओळख १९३०च्या दशकात विद्यापीठांचे पोहणारे संघ सरावाला येऊ लागले तेव्हापासूनची.

जर्मनीची गोष्ट सह्याद्रीच्या जवळची आहे. १९०१ साली बर्लिनच्या श्टेग्लिट्झ भागातल्या विद्यार्थ्यांनी ‘वांडरफोगेल’ ही भटकंतीची चळवळ सुरू केली. कारखान्यांनी गजबजलेल्या शहरातून पायी बाहेर पडायचं, गिटार वाजवत गावोगाव हिंडायचं, गवताच्या गंजीत झोपायचं. १९०९ मध्ये रिखार्ड शिरमान हे शाळाशिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीवर असताना वादळात सापडले आणि त्यांनी एका रिकाम्या शाळेत रात्र काढली. सुट्टीत बंद पडून राहणाऱ्या शाळा मुलांना झोपायला का देऊ नयेत, हा विचार त्या रात्रीचा. त्यातून युवा वसतिगृहांची जागतिक चळवळ उभी राहिली आणि तिचं पहिलं कायमचं वसतिगृह आल्टेना गावच्या किल्ल्यात सुरू झालं. भारतातही युथ हॉस्टेल्स असोसिएशन आली. मुंबईच्या मुलांनी मात्र वसतिगृहाची वाट पाहिली नाही. राजगडावर पद्मावतीचं देऊळ, तोरण्यावर मेंगाईचं, रतनगड आणि हरिश्चंद्रगडावर गुहा, अशा जागा त्यांनी पिढ्यानुपिढ्या मुक्कामासाठी वापरल्या. देवळात झोपायचं तर सकाळी झाडून निघायचं, हा नियम वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गातल्यांना शिकवत आली.

पुढे युरोपने ही फट सरकारी धोरणातच बसवली. १९७२ साली २१ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एकाच पासवर अनेक देशांत फिरवणारा इंटररेल पास आला. १९८७ साली ‘इरॅस्मस’ योजना सुरू झाली तेव्हा ११ देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांनी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात काही महिने काढले. आज ती संख्या लाखांत आहे. २०१८पासून युरोपीय संघ अठरा वर्षांच्या निवडक मुलांना रेल्वेचा मोफत पास देतो. मुलांनी शेजारचे देश पाहिले तर ते देश पुढे एकमेकांशी लढणार नाहीत, असा दोन महायुद्धांनी पोळलेल्या खंडाचा हिशेब त्यामागे आहे.

पण दादरच्या पुलावरच्या मुलांचे खरे नातेवाईक चीनमध्ये सापडतात. २०२३ मध्ये चिनी विद्यार्थ्यांच्या एका पद्धतीची फार चर्चा झाली. तिला तिथे ‘स्पेशल फोर्सचं पर्यटन’ म्हणतात. शुक्रवारी रात्री बसायच्या डब्यातून प्रवास, हॉटेलचा खर्च नाही, दिवसाला तीस-चाळीस हजार पावलं, शक्य तितकी ठिकाणं आणि सोमवारी वर्गात हजर. शानडोंग प्रांतातलं झिबो हे औद्योगिक शहर त्या वसंतात केवळ तिथल्या भाजलेल्या मांसाच्या शिगांपायी विद्यार्थ्यांनी भरून गेलं. पुढच्या वर्षी झेंगझोऊमधल्या चार विद्यार्थिनी भाड्याच्या सायकलींवरून रात्रभर सुमारे पन्नास किलोमीटर दामटत काइफेंगला सूप भरलेले मोदक खायला गेल्या. त्यांचं पाहून नोव्हेंबर २०२४ मध्ये एका रात्री लाखावर विद्यार्थी त्याच रस्त्यावर उतरले. शेवटी प्रशासनाला रस्ता बंद करावा लागला.

कारणंही दादरसारखीच आहेत. स्पर्धा तीव्र, खिशात पैसे थोडे, वसतिगृहाच्या एका खोलीत अनेक जण आणि सुट्टी एका रात्रीची. जिथे समाज मोठी फट देत नाही, तिथे मुलं झोपेतून ती कापून काढतात.

गाव, छावणी आणि ‘आयव्ही’

सॅकवाल्यांकडे पाहताना तुतारी एक्स्प्रेसची मुलं विसरता येणार नाहीत. गिरणगावातली बहुसंख्य कुटुंबं कोकणातून आणि घाटावरून आली. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या संपल्या, पण गावाचा धागा तुटला नाही. गणपती, शिमगा आणि मे महिना ही त्यांची प्रवासाची पंचांगं. आधीच्या पिढ्या बोटीने आणि मग एसटीने गेल्या; १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर रात्रीत पोचता येऊ लागलं. क्रॉम्प्टन यांच्या यादीतलं ‘नात्यांची वीण घट्ट करणं’ ते इथे. फक्त इथे विद्यार्थी मनाने जातोच असं नाही. कधी जावं लागतं म्हणून जातो आणि तिथे गेल्यावर पालखी नाचवताना त्याला कळतं की आपण केवळ परळचे नाही.

मुंबई विद्यापीठात सत्र पद्धत आल्यापासून परीक्षा वर्षातून दोनदा येतात आणि त्यात अंतर्गत चाचण्या, प्रकल्प, सादरीकरणं. मे महिना अजून आहे, पण त्यात इंटर्नशिप घुसली आहे. दीड महिना आजोळी राहणारी मुलं आता चार दिवसांसाठी जाऊन येतात.

मुलींसाठी प्रश्न वेगळाच असतो. ‘कोणाबरोबर? मुली किती? रात्री कुठे? परत कधी?’ या चार प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय लालबागच्या घरातून सॅक बाहेर पडत नाही. म्हणून कॉलेजच्या सही-शिक्क्याला मोल येतं. २४ सप्टेंबर १९६९ला, गांधी जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) सुरू झाली. तिचं सात दिवसांचं निवासी शिबिर दत्तक गावात भरतं. बंधारा घालायचा, सर्वेक्षण करायचं, पथनाट्य बसवायचं, संध्याकाळी गावकऱ्यांसमोर सादर करायचं. असंख्य मुलींच्या आयुष्यातली घराबाहेरची पहिली रात्र एनएसएसच्या शिबिरात, एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात, पंचवीस मैत्रिणींसोबत सतरंजीवर गेलेली आहे. त्या रात्रीनंतर पुढची परवानगी मागणं सोपं जातं.

दुसरी सही-शिक्क्याची वाट म्हणजे औद्योगिक भेट, कॉलेजच्या भाषेत ‘आयव्ही’. व्यवस्थापन आणि माध्यम शाखांची मुलं एखादा कारखाना पाहायला म्हणून मनाली, जयपूर किंवा केरळ गाठतात. कारखाना अर्धा दिवस, बर्फ तीन दिवस. या सहलींवर नाकं मुरडली जातात, पण रोहतांगच्या वाटेवर पहिल्यांदा बर्फ हातात घेणारी मुंबईची मुलगी जे शिकली ते कारखान्यात शिकली नसती, हे तिच्याबरोबर गेलेले प्राध्यापक जाणतात. खंत एवढीच, की आयव्हीचा खर्च परवडत नाही म्हणून दर वर्षी काही मुलं मागे राहतात आणि वर्ग परत आल्यावर त्यांना आठवडाभर इतरांचे फोटो पाहावे लागतात.

महाराष्ट्रात यापेक्षा खोल प्रेरणेच्याही वाटा तयार झाल्या. बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. दर वर्षी मेच्या रणरणत्या उन्हात १५ ते २२ तारखेला राज्यभरची तरुण मुलं तिथे कुदळ-फावडं घेऊन काम करतात आणि दुपारी ऐकतात, वाद घालतात. १९८५च्या डिसेंबरात बाबा कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ सायकल यात्रा घेऊन काश्मीरकडे निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर ११६ तरुण-तरुणी होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘निर्माण’च्या शिबिरांना जाणारे विद्यार्थी सुट्टीवर जात नाहीत; पुढे काय करायचं हा प्रश्न घेऊन जातात. क्रॉम्प्टन यांच्या भाषेत हे ‘स्वतःला जोखणं’.

मुंबईच्या तरुणांमधली जोखण्याची ही परंपरा जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघं वाळवंटं आणि बर्फाळ घाट ओलांडून मार्च १९२८ मध्ये परत आले. त्यांच्याकडे जीपीएस नव्हतं आणि मदतीला मागून येणारी गाडीही नव्हती.

परळहून न्यूयॉर्क

विद्यार्थ्यांच्या प्रवासाबद्दल लिहिताना परळ भागातून झालेला सर्वांत मोठा विद्यार्थी-प्रवास बाजूला ठेवता येत नाही. जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. परळच्या चाळीत वाढलेल्या या पदवीधराला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. तिथे नवल भथेना हे आयुष्यभराचे मित्र मिळाले, जॉन ड्यूई आणि सेलिग्मन यांच्यासारखे शिक्षक मिळाले.

डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्या वर्षांचा जो परिणाम नोंदवला आहे तो पर्यटनाच्या कुठल्याही प्रश्नावलीत बसणार नाही. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाल्यावर राहायला जागा शोधताना ती जाणीव परत करून देण्यात आली. पारशी सराईतूनही त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. ‘रोजच्या वातावरणातून सुटका’ हे शब्द जेव्हा अभ्यासक वापरतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कंटाळलेला मध्यमवर्गीय असतो. भारतात त्या शब्दांना याहून भारी अर्थ आहे.

त्याच लेखनात १९३४ सालची दौलताबादची आठवण आहे. सहकाऱ्यांबरोबर किल्ला पाहायला गेलेल्या बाबासाहेबांच्या गटाने दारातल्या हौदाच्या पाण्याने धुळीने माखलेले हातपाय धुतले, म्हणून तिथे गलका झाला. पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर आणि सोबत पहारेकरी देऊन त्यांना वर जाऊ दिलं गेलं. गडांचा वारसा सगळ्यांचा आहे असं आज अभिमानाने म्हणताना ही नोंद जवळ ठेवायला हवी. कुठे जायचं हे ठरवण्याइतकंच, तिथे गेल्यावर कुणाला पाणी मिळतं, हेही प्रवासाच्या इतिहासात मोजलं पाहिजे.

म्हणून दादरकडे येणारा प्रवासही इथे नोंदवायचा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या बाजूने विशेष गाड्या भरून येतात. महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर येणाऱ्यांत वसतिगृहांत राहून शिकणारी मुलं-मुली मोठ्या संख्येने असतात. शिवाजी पार्कच्या मंडपात रात्र काढायची, रांगेत उभं राहून अभिवादन करायचं आणि मग पुस्तकांच्या दुकानांतून वर्षभराचं वाचन पिशवीत भरायचं. गेल्या काही वर्षांत फुलं-मेणबत्त्यांऐवजी वही-पेन आणण्याचं आवाहन होतं आणि ती वह्या-पेनं गरजू विद्यार्थ्यांना जातात. त्यातल्या अनेकांनी समुद्र पहिल्यांदा दादर चौपाटीवर पाहिलेला असतो. या प्रवासात भक्ती, शिक्षण, नातं आणि स्वतःची ओळख एकत्र आहेत. त्यांना वेगवेगळ्या रकान्यांत टाकता येत नाही.

परदेशी शिक्षणाची वाट आज खूपच रुंद झाली आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत शिकणारे भारतीय विद्यार्थी ३,३१,६०२ होते आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकलं. दादर-गिरगावच्या कित्येक इमारतींत आज एक तरी खोली रिकामी असते आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लागतो.

गर्दी, बंदी आणि एक सोमवार

समाजमाध्यमांनी दादरच्या पुलावरचं चित्रही बदललं. पूर्वी कॉलेजातला कुणी ज्येष्ठ मुलगा गट न्यायचा आणि प्रत्येकी लोकलचं तिकीट, एसटीचं भाडं आणि शिध्याचे पैसे काढले जायचे. कसाऱ्याला जाऊन यायला आजही लोकलचं तिकीट शंभर रुपयांच्या आत आहे. आता त्याच जागी हजार-दीड हजारात घरपोच पॅकेज विकणारी मंडळी आली. रील पाहून एकाच पावसाळी रविवारी हरिहरच्या कोरीव पायऱ्यांवर, कलावंतीणच्या सुळक्यावर आणि देवकुंडच्या धबधब्यावर इतकी माणसं जातात की वर चढणारे आणि खाली उतरणारे एकमेकांत अडकून पडतात. मग अपघात होतात, लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे कार्यकर्ते रात्री-अपरात्री दोर घेऊन दऱ्यांत उतरतात आणि जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात. काइफेंगचा रस्ता बंद झाला तोही असाच. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. प्रशिक्षित नेता आणि बचावाची साधनं यांची अट घालणं हे त्यातलं मुख्य काम.

बंदीने ओढ थांबत नाही, कारण ढकलणारं घर तिथेच असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकसित बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या घरांतल्या मुलांना कदाचित पहिल्यांदा स्वतःची खोली मिळेल. त्यानंतरही ती शनिवारी रात्री बाहेर पडतील का, हे पाहण्यासारखं आहे. क्रॉम्प्टन यांच्या यादीतल्या इतर प्रेरणा भिंती वाढल्या म्हणून कमी होत नाहीत.

महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक मिळतात. ते श्रेयांक कॉलेजच्या आवारातल्या पोस्टर प्रदर्शनावर खर्च होऊ नयेत. एका वर्गाने सुधागडाच्या पायथ्याच्या गावात तीन दिवस राहून तिथल्या पाण्याचा हिशेब मांडावा, वनस्पतिशास्त्राच्या मुलांनी कारवीचा फुलोरा नोंदवावा, इतिहासाच्या मुलांनी वीरगळांची यादी करावी. शैक्षणिक सहलीसाठी एसटी पन्नास टक्के सवलत देते. १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मंच तिकीट आहे, त्यामुळे कल्याणहून आळेफाट्याच्या गाडीने खुबी फाट्याला उतरून खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगड गाठणाऱ्या मुलींचा खर्च आणखी कमी झाला आहे. पायथ्याच्या गावांत स्वच्छतागृहं आणि रात्री राहण्याची भरवशाची घरं वाढली, की घरच्या चार प्रश्नांतल्या ‘रात्री कुठे’ला उत्तर मिळेल.

दिवाळीनंतर पाऊस सरलेला असतो, वाटा कोरड्या झालेल्या असतात आणि फेब्रुवारीपर्यंत हवा थंड राहते. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या प्राचार्यांनी या हंगामात प्रत्येक वर्गासाठी एक सोमवार मोकळा सोडावा, प्रशिक्षित नेता सोबत द्यावा आणि ज्यांना खर्च झेपत नाही त्यांची वर्गणी विद्यार्थी कल्याण निधीतून भरावी. त्या एका सोमवारामुळे राजमाचीला गेलेली मुलं रविवारी दुपारी घाईने न उतरता उधेवाडीत दुसरी रात्र राहू शकतील.